त्यांनी मत दिलं ते कोणत्या प्रश्नाला?

जुलै २०१६

पत्र

स्विंडनहून एका ताईंनी लिहिलं आहे. नवरा-बायको मूळचे कराडकडचे, ११ वर्षं इंग्लंडमध्ये, दोघंही आता ब्रिटिश नागरिक. मुलगा १६ वर्षांचा. शेजारची मैत्रीण सावंतवाडीची. तिचे यजमान गोव्यातल्या पेडण्याचे, पोर्तुगीज पासपोर्टवर २००९ साली इथे आले, गोदामात कामाला आहेत. मैत्रीण २०१० मध्ये आली, तिचा पासपोर्ट भारतीयच आहे. तिची आई २०१३ पासून त्यांच्याकडे असते. दोन्ही घरांचं एकमेकांवाचून पान हलत नाही.

२३ जूनला ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं (‘रीमेन’) की बाहेर पडायचं (‘लीव्ह’) यावर मतदान झालं. ताईंनी ‘रीमेन’ला मत दिलं. निकालाच्या सकाळी चहा पिताना मिस्टरांनी सांगितलं की त्यांनी ‘लीव्ह’ला दिलं. कारण एकच सांगितलं: २०१४ मध्ये माझ्या आईला इकडे आणायचा अर्ज नाकारला आणि युरोपीय पासपोर्टवाल्यांच्या सासवासुद्धा बिनदिक्कत येतात. तेव्हापासून मुलगा वडिलांशी बोलत नाही. त्याच दिवशी शाळेच्या फाटकाशी मैत्रीण रडली, “आम्हाला आता जावं लागणार” म्हणाली. ताई गप्प राहिल्या. रविवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एक माणूस गाडीची काच खाली करून मैत्रिणीच्या आईवर ओरडला, “आम्ही मत दिलंय, आता चालते व्हा.” आजी तेव्हापासून घराबाहेर पडलेल्या नाहीत. गणपतीला सावंतवाडीला जायचं त्यांचं तिकीट काढून झालंय, पण परत येऊ देतील का, ही धास्ती आहे.

ताई विचारतात: मैत्रिणीला मिस्टरांच्या मताबद्दल सांगू का? बापलेकांचं कसं मिटवू? पार्किंगमधल्या प्रकाराची तक्रार करावी का? फेरमतदानाच्या अर्जावर सही करून काही होईल का? की सगळं गुंडाळून भारतात परत जावं?

उत्तर

ताई, तुम्ही ‘सांगू का’ हा प्रश्न पहिला लिहिलात. मी आधी आजींचा घेते, कारण त्यात दिवस मोजावे लागतात. बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबले तरी चालेल.

तक्रार करा. तीन आठवडे होत आले तरी करा. इंग्लंडमध्ये पोलीस वंशद्वेषाची घटना कशी ठरवतात, हे इथल्या बऱ्याच मराठी घरांना माहीत नसतं. ज्याच्यावर प्रसंग आला त्याला किंवा पाहणाऱ्या कोणालाही ‘हे वंशामुळे झालं’ असं वाटलं, की पोलिसांनी ती तशी नोंदवायची असते. आजींना काही सिद्ध करावं लागत नाही. नुसतं ओरडणंही गुन्हा ठरू शकतं. सार्वजनिक ठिकाणी शिवीगाळ आणि धाकदपटशा यांसाठी १९८६ चा कायदा आहे, आणि त्यामागे वंशद्वेष असेल तर १९९८ च्या कायद्याने शिक्षा वाढते. जीवाला धोका असेल त्या क्षणी ९९९ लावायचा, झाल्या प्रकारासाठी १०१. फोनवर बोलायचा धीर नसेल तर पोलिसांच्याच ‘ट्रू व्हिजन’ संकेतस्थळावर लिहून देता येतं, नाव न देताही. तुम्ही तिथे होतात का, हे पत्रात नाही. असाल तर साक्षीदार म्हणून तुम्हीच नोंदवू शकता.

फोन करण्याआधी मैत्रिणीसोबत बसून एका कागदावर लिहून काढा: वार, तारीख, अंदाजे वेळ, पार्किंगचा कोणता भाग, गाडीचा रंग आणि नंबरातली आठवतील तेवढी अक्षरं, आणि तो माणूस जे बोलला ते त्याच्याच इंग्रजी शब्दांत. ‘काहीतरी वाईट बोलला’ एवढ्याने काम होत नाही, शब्द लागतात. दुकानाच्या मॅनेजरला त्याच दिवशी भेटून त्या रविवारचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवायला सांगा. ही चित्रणं ठरावीक दिवसांनी पुसली जातात. पोलिसांकडून क्राइम रेफरन्स नंबर मागून घ्या. आजींना मालवणी-मराठीतच सांगता येत असेल तर दुभाष्या मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. तक्रार केली म्हणून आपलं राहणं धोक्यात येईल ही भीती मैत्रिणीच्या घरात असणारच. कायदेशीर राहणाऱ्या माणसाने आपल्यावर झालेल्या प्रकाराची तक्रार केली म्हणून त्याच्या कागदांना धक्का लागत नाही, हे तिला स्पष्ट सांगा.

एकट्या आजींवर हे आलेलं नाही. १६ ते ३० जून या पंधरवड्यात इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या पोलिसांकडे ३,०७६ द्वेषमूलक घटना नोंदल्या गेल्या, गेल्या वर्षीच्या त्याच दिवसांपेक्षा ४२ टक्के जास्त. लंडनमध्ये हॅमरस्मिथच्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर कोणीतरी घाण लिहून ठेवलं. त्यानंतर शेजारपाजारचे इंग्रज फुलं आणि चिठ्ठ्या घेऊन त्याच दारात आले. आजींना आकडा सांगू नका, ही फुलांची गोष्ट सांगा. आणि पुढचे काही दिवस बाजाराला जाताना त्यांना सोबत घेऊनच जा. पहिल्या दिवशी त्याच पार्किंगमध्ये नको, दुसऱ्या दुकानात चला. दार उघडणं महत्त्वाचं.

आता तुमच्या घराकडे येऊ. तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की ते वाचून काळजी वाटली. तुम्ही लिहिता, “तो माणूस आणि माझे मिस्टर यांनी एकाच चौकोनात फुली मारली.” फुली एकाच चौकोनात होती, हे खरं. पण मतपत्रिकेवर प्रश्न एक छापलेला असतो आणि माणसं मनातल्या मनात वेगळ्याच प्रश्नांना उत्तरं देतात. मतदानाच्या दिवशी मत देऊन आलेल्या १२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिच्यात ‘लीव्ह’वाल्यांपैकी ४९ टक्क्यांनी मुख्य कारण सांगितलं ते ‘देशाचे निर्णय देशातच व्हावेत’ हे. बाहेरून येणाऱ्यांवर आणि सीमांवर ताबा हवा, असं सांगणारे ३३ टक्के होते. त्याच पाहणीत आशियाई मतदारांपैकी जवळपास एकतृतीयांश ‘लीव्ह’कडे गेलेले दिसतात. म्हणजे तुमचे मिस्टर जगावेगळे नाहीत. स्विंडनमध्येच ५४.७ टक्के मतं ‘लीव्ह’ला पडली. तुमच्या मुलाच्या शिक्षकांत, तुमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंत, रोज हसून ‘मॉर्निंग’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांतही ते असणार. त्या सगळ्यांना पार्किंगमधल्या माणसाच्या रांगेत उभं केलंत, तर या गावात राहणंच नकोसं होईल.

तरी मिस्टरांची बाजू पूर्ण बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. त्यांचं दुखणं खरं आहे. बोट मात्र चुकीच्या जागी ठेवलं गेलं, आणि हे त्यांना प्रेमाने पण तपशिलासकट सांगायला हवं.

९ जुलै २०१२ पासून ब्रिटनमध्ये कुटुंबाला आणण्याचे नियम बदलले. ब्रिटिश नागरिकाला परदेशातून नवरा किंवा बायको आणायची तर वर्षाला निदान १८,६०० पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. आईवडिलांचं तर दारच जवळजवळ बंद झालं. वय, आजार किंवा अपंगत्वामुळे त्यांना रोजची उठबस करायलाही माणूस लागतो, आणि तशी देखभाल त्यांच्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. कराडला बाई ठेवता येते ना, एवढ्या एका मुद्द्यावर अर्ज पडतो. उलट युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमांप्रमाणे युरोपीय नागरिकावर किंवा त्याच्या जोडीदारावर अवलंबून असलेले आईवडील सोबत राहू शकतात. म्हणून पेडण्याच्या जावयाच्या पासपोर्टावर सावंतवाडीच्या सासूबाई आल्या, आणि ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलाची कराडची आई राहून गेली. कोणत्याही मुलाच्या मनाला हे लागेल. प्रचारात ‘युरोपचा लोंढा थांबला की राष्ट्रकुलातल्या माणसांना न्याय मिळेल’ असं आपल्या लोकांना सांगितलं गेलं. ‘लीव्ह’च्या बाजूच्या मंत्री प्रीती पटेल यांनी तर करी हाउसेस, म्हणजे इथली देशी जेवणाची हॉटेलं, वाचवण्याची मोहीमच काढली होती.

पण २०१२ चा तो नियम ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, केलेला नव्हता. तो लंडनमध्ये गृहखात्याने केला, आणि तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे १३ जुलैला देशाच्या पंतप्रधान झाल्या आहेत. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं म्हणून तो नियम आपोआप सैल होत नाही. झालंच तर एवढं होईल की मैत्रिणीच्या आईला मिळालेलं दारही बंद होईल. दोन आयांपैकी एकीला न्याय मिळाला नव्हता, आता दुसरीचाही जाऊ शकतो. मिस्टरांना हे उमगलं की वाईट वाटेल, आणि वाटू द्या. लगेच ‘जाऊ द्या, तुमच्या एका मताने काय होतंय’ असं म्हणून सारवासारव करू नका. देशभरात १२,६९,५०१ मतांचं अंतर होतं, हे खरं. पण मत मोजलं जातं म्हणूनच आपण रांगेत उभे राहतो. मुलगाही ही पळवाट चालू देणार नाही.

आईच्या बाबतीत मिस्टरांनी आता काय करावं? तीन वाटा आहेत. तब्येत २०१४ पेक्षा खरोखर खालावली असेल तर नव्या कागदांनिशी पुन्हा अर्ज: डॉक्टरांचं पत्र, रोज कशाकशाला मदत लागते याची यादी, आणि तिकडे माणूस का मिळत नाही याचा पुरावा. फक्त ‘आई एकटी आहे’ यावर पुन्हा पैसे घालवू नका, तो अर्ज पुन्हा पडेल. दुसरी वाट व्हिजिटर व्हिसाची. दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही मिळतो, पण एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. त्या अर्जात २०१४ चा नकार लिहायलाच हवा. एजंट म्हणतो ‘कशाला सांगता’, आणि मग फसवणूक ठरून १० वर्षांची बंदी येते. तिसरी वाट खासदाराची. तुमच्या भागाचा खासदार ठरावीक दिवशी लोकांना भेटतो, त्याला इथे ‘सर्जरी’ म्हणतात. फोन करून वेळ घ्या, नकारपत्राची प्रत न्या, दहा मिनिटांत सांगता येईल असं एका पानावर लिहून न्या. २०१२ च्या नियमावरचा राग जिथे ठेवायचा, ती ही जागा. मैत्रिणीच्या घरानेही याच दारात जावं, आणि शक्य झालं तर दोन्ही घरांनी एकत्र जावं.

बापलेकांचं. मुलगा १६ वर्षांचा आहे. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या मतदानात त्याच्या वयाच्या मुलांनी मत दिलं होतं. या वेळीही १६ वर्षांच्यांना मत द्यावं असं हाउस ऑफ लॉर्ड्सने सुचवलं, पण हाउस ऑफ कॉमन्सने ते नाकारलं. आपल्या आयुष्याचा निर्णय झाला आणि आपल्याला विचारलंही नाही, ही त्याची जखम आहे. वडिलांचं मत हा त्या जखमेचा समोर दिसणारा भाग, म्हणून सगळा राग तिथे गेला. त्याला ‘मोठ्यांशी असं वागू नये’ म्हणून बोलतं करू नका. तो बोलेल, पण तोंडदेखलं.

दोघांना समोरासमोर बसवू नका. जेवणाच्या टेबलावर तर नकोच, तिथे ताटावरून उठून जाणं फार सोपं असतं. गाडीत शेजारी बसवा किंवा चालायला पाठवा, नजर समोर राहते तेव्हा पुरुष माणसं बरी बोलतात. तुम्ही सोबत जाऊ नका, नाहीतर दोघंही तुमच्याकडे बघून बोलतील. आदल्या दिवशी मिस्टरांना एकच काम सांगा: ते २०१४ चं नकारपत्र कपाटातून काढून मुलाला वाचायला द्यायचं. मुलाने ते कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आजीचं नाव, जन्मतारीख आणि खाली सरकारी इंग्रजीत ‘तुमच्या देशात तुमची सोय होऊ शकते’ अशा अर्थाचा परिच्छेद, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचू दे. मग मिस्टरांनी बचाव करायचा नाही, विचारायचं: “तुला सगळ्यात जास्त काय टोचलं?” आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. मुलानेही एक प्रश्न विचारायचा: “शेजारच्या आजींचं काय होईल, हे मनात आलं होतं का?” याला खरं उत्तर ‘नाही’ असेल तर ‘नाही’ म्हणावं. त्या एका ‘नाही’ने जे सुटेल ते तासाभराच्या युक्तिवादाने सुटणार नाही. ‘तुला काय कळतंय’ आणि ‘तुम्ही वंशद्वेषी आहात’ ही दोन वाक्यं मात्र दोघांनी आधीच वर्ज्य ठरवून टाकावीत. पहिल्या खेपेला वीस मिनिटं पुरे. तेवढ्यात मिटलं नाही तर नाही मिटलं, चार दिवसांनी पुन्हा जाऊ द्या.

आता मैत्रीण. तुम्ही दोघी ‘आता जावं लागणार’ हे गृहीत धरून बसला आहात. आज, १७ जुलै २०१६ पर्यंत, कायद्यात काहीही बदललेलं नाही. बाहेर पडायची प्रक्रिया युरोपीय संघाच्या करारातल्या ‘आर्टिकल ५०’ खाली नोटीस दिल्यावर सुरू होते, तिला पुढे दोन वर्षांची मुदत असते, आणि ती नोटीस अजून दिलेलीच नाही. तोवर सगळे हक्क जसेच्या तसे आहेत. ६ जुलैला संसदेत ‘इथे असलेल्या युरोपीय नागरिकांना राहू द्यावं’ हा ठराव २४५ विरुद्ध २ मतांनी झाला. तो सरकारवर बंधनकारक नाही आणि नव्या पंतप्रधानांनी अजून शब्द दिलेला नाही, म्हणून निश्चिंत राहा असं मी म्हणत नाही. कागद जमवायला लागा, असं म्हणते.

त्या घरातल्या तिघांची स्थिती तीन प्रकारची आहे, आणि गोंधळ इथेच होतो. पाच वर्षं सलग कायद्याप्रमाणे राहिलेल्या युरोपीय नागरिकाला आणि त्याच्या कुटुंबीयाला कायम वास्तव्याचा हक्क आपोआप मिळतो. यजमानांना तो २०१४ मध्ये आणि मैत्रिणीला २०१५ मध्ये मिळालेला असणार. त्यांच्या हातात नाही तो त्याचा दाखला. आजींची पाच वर्षं मात्र २०१८ मध्ये भरतील. म्हणजे दोघांनी आता दाखल्याचा अर्ज करायचा, आणि आजींचं रेसिडेन्स कार्ड जिवापाड जपायचं.

अर्जाचं नाव ईईए-पीआर. ८५ पानांचा आहे, ते बघूनच लोक एजंटाकडे पळतात आणि शेकडो पौंड देऊन बसतात. सरकारी फी माणशी ६५ पौंड. साध्या नोकरदाराला त्यातली अर्ध्याहून जास्त पानं लागूच नसतात. एक रविवार लागेल. सगळा जोर पुराव्यावर द्या: पाचही वर्षांचे पी-६० (पगार आणि कापलेला कर यांचा वर्षाचा दाखला), नसतील तिथे पे-स्लिपा, कंपनीचं पत्र, दरवर्षीचं कौन्सिल टॅक्सचं बिल. यजमान गोदामात एजन्सीमार्फत लागले असतील तर जास्त सांभाळा. एजन्सी बदलत गेल्या की पी-६० मध्ये खाडे पडतात, कारण ५ एप्रिलला तुम्ही ज्याच्या पटावर असता त्याच्याकडूनच तो मिळतो. त्या मधल्या महिन्यांसाठी पी-४५, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा दाखला, शोधा. तेही हरवले असतील तर कर खात्याला पत्र लिहून नोकऱ्यांचा इतिहास मागवा, फुकट मिळतो, पण यायला आठवडे लागतात, म्हणून तो पहिल्या दिवशीच मागवा. नोकरी सुटलेल्या काळात जॉबसेंटरमध्ये नाव नोंदवलं असेल तर त्याचं पत्र लावा. कोणत्याही वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहणं झालं असेल तर सलगपणा तुटतो, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के बघून ये-जा तारखांची यादी करा. मैत्रिणीला लग्नाचा दाखला आणि बोटांचे ठसे द्यावे लागतील.

अशाच स्थितीतल्या इतर वाचकांसाठी इथेच सांगते: ज्यांची त्यातली काही वर्षं शिक्षणात किंवा बचतीवर गेली, त्यांच्याकडे त्या काळात खासगी आरोग्य विमा नसेल तर गृहखातं ती वर्षं धरत नाही. ‘एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) होतं की’ हे चालत नाही. नोकरी करणाऱ्यांना ही अट नाही. मंडळाच्या ग्रुपवर या दोन गोष्टींची खिचडी करून अर्ध्या गावाला घाबरवणं चालू आहे, तेवढं थांबवा. आणि ब्रिटिश नागरिकत्वाची घाई मैत्रिणीने करू नये. यजमानांना पोर्तुगीज पासपोर्ट ठेवून ब्रिटिश होता येतं, तिला मात्र भारतीय नागरिकत्व सोडून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) घ्यावं लागेल. हा विचार शांतपणे, सावंतवाडीच्या जमिनीचा हिशेब धरून करायचा आहे. परदेशी नागरिकाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बहुधा मैत्रिणीला ठाऊक नाही. यजमानांना या मतदानात मत नव्हतं, पण तिला होतं. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाच्या नात्याने मत देता येतं. आत्ता हे सांगून तिला हळहळ देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी मतदार यादीचा विषय निघाला की सांगा आणि सोबत बसून नाव नोंदवा, पाच मिनिटांचं काम आहे. कौन्सिलच्या निवडणुकीत यजमानांनाही मत आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही सांगू नका. मत गुप्त आहे आणि ते मिस्टरांचं आहे, ते उघड करायचा हक्क तुम्हाला नाही. पण मैत्रिणीने सरळ विचारलं तर खोटंही बोलू नका. “ते तू त्यांनाच विचार” एवढं म्हणा. तिला काय समजायचं ते समजेल आणि तुमचा शब्दही खोटा पडणार नाही.

मिस्टरांनी मात्र स्वतः सांगावं, असं मला मनापासून वाटतं. उद्याच नको. आधी त्यांनी त्या ८५ पानांत हात घालावा. नकार खाल्लेला माणूस आहे, गृहखात्याची भाषा त्यांना चांगली कळते. एखाद्या रविवारी पी-६० लावून झाले की तिथेच, चहा यायच्या आधी, “वहिनी, मी लीव्हला मत दिलं. आईच्या व्हिसाचा राग होता. तुमच्या घराचा विचार माझ्या मनात आला नाही, तो यायला हवा होता.” एवढंच, पुढे ‘पण’ नको. ‘पण मला वाटलं नव्हतं की’ आलं की तिलाच त्यांची समजूत काढावी लागते. आपल्याकडच्या बायका पटकन “असू दे हो भाऊजी” म्हणतात. ते ऐकून विषय संपला असं समजू नका. ती आठ-पंधरा दिवस कमी येईल, डबा परत करताना दारातूनच वळेल. तेवढा राग तिला असू द्या, आणि तुम्ही शाळेच्या फाटकाशी रोजच्यासारख्याच उभ्या राहा. मिस्टर तयार झालेच नाहीत तर ओढाताण करू नका. फॉर्म भरायला मदत करणं ही अट घालण्यासारखी गोष्ट आहे, कबुली ही नाही.

फेरमतदानाचा अर्ज: ४१ लाखांवर सह्या झाल्या आहेत, संसदेत चर्चा ५ सप्टेंबरला आहे. तो अर्ज मतदानाआधीच, मे महिन्यात टाकलेला होता. मागणी अशी, की जिंकणाऱ्या बाजूला ६० टक्क्यांपेक्षा कमी मतं असतील आणि मतदान ७५ टक्क्यांपेक्षा कमी झालं असेल तर पुन्हा घ्या. मतदान ७२.२ टक्के झालं, म्हणून लोकांना आशा वाटली. पण मतदानाच्या कायद्यात अशी अट नव्हती आणि सरकारने ‘निकाल पाळला जाईल’ असं उत्तर दिलंय. मनाला बरं वाटत असेल तर सही करा, एकदाच. ७७ हजार बनावट सह्या काढून टाकाव्या लागल्या आणि खऱ्या सह्यांची किंमत कमी झाली. चर्चेच्या भरवशावर कागद जमवणं मात्र लांबवू नका.

ग्रुपवर फिरणारं ते ‘निकालानंतर इंग्रज गुगलवर युरोपीय संघ म्हणजे काय ते शोधत होते’ हेही पुढे पाठवू नका. त्यातून शोध किती पटीने वाढले ते कळतं, किती जणांनी आणि कोणत्या बाजूच्यांनी शोधलं ते कळत नाही. मुलाने ते वडिलांना दाखवलं तर पुन्हा भडका उडेल.

परत जायचं का, हे या महिन्यात ठरवू नका. पौंड १९८५ नंतरच्या तळाला गेलाय, शंभर रुपयांच्या आसपासचा नव्वदीच्या आसपास आला. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते इथून जात असतील तर ते जड वाटणारच. पण तुम्ही तिघंही ब्रिटिश नागरिक असाल तर तुमच्या राहण्याला कोणी हात लावत नाही. मुलाची पुढची दोन वर्षं ए-लेव्हलची, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखी, आहेत. आजींवर ओरडणाऱ्या माणसामुळे ती मोडू नयेत.

राहिलं आजींचं तिकीट. जाऊ द्या त्यांना, यंदा चतुर्थी ५ सप्टेंबरला आहे. रेसिडेन्स कार्ड चालू असेल तर परत येताना व्हिसा लागत नाही. कार्ड मूळ हवं, सामानात नको, हातातल्या पिशवीत. सोबत जावयाच्या पासपोर्टची प्रत, त्यांच्या शेवटच्या तीन पे-स्लिपा आणि ‘या माझ्या सासूबाई, माझ्याकडे राहतात’ असं सहीचं पत्र. सहा महिन्यांच्या आत परत यायचं, म्हणजे २०१८ चा हिशेब बिघडणार नाही. मैत्रीण आणि यजमानांचे पासपोर्ट अर्जासोबत जातात आणि निकालाला सहा महिने लागू शकतात, तेव्हा त्या दोघांनाही गणपतीला जायचं असेल तर गावाहून परत आल्यावर अर्ज टाका. आधी टाकायचा असेल तर आजींसोबत दुसरं कोणी जाणारं शोधा, आणि लिफाफा बंद करायच्या आधी एकदा आत बघा: आजींचा पासपोर्ट चुकून त्यात गेलेला नाही ना.